सतरा नंबरचा संदर्भ

धंद्यात पडलो त्याच वर्षी मी एक लेखक जन्माला घातला. त्याचं नाव आबिद.

नवीन जालन्यात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, बियाण्याच्या कंपन्यांची ऑफिसं आहेत त्या ओळीत आमचं टायपिंगचं दुकान. टाइपरायटर जाऊन नुकताच कॉम्प्युटर आला होता. इतिहासाचे एक प्राध्यापक इंग्रजी लेख टाइप करायला देऊन गेले. शेवटी तळटिपा होत्या आणि त्यांत जागोजागी लिहिलं होतं, 'इबिद'. आमच्या घरात उर्दू. मला वाटलं, सरांचं स्पेलिंग चुकलंय, कुणी आबिदसाहेब असणार. मी सगळीकडे 'आबिद' करून टाकलं. वर संदर्भांच्या यादीत आद्याक्षराप्रमाणे त्यांना पहिल्या नंबरावर बसवलं.

सर आले, कागद वाचला आणि स्टुलावर बसूनच राहिले. "मुश्ताकभाई, इबिद म्हणजे माणूस नाही. वर जे पुस्तक सांगितलं, तेच परत. मराठीत आपण 'तत्रैव' म्हणतो."

त्या दिवसापासून हे काम मी गंभीरपणे घ्यायला लागलो. आज माझ्याकडे लग्नपत्रिका येत नाहीत, सातबाऱ्याचे अर्ज येत नाहीत. येतात ते प्राध्यापक, आणि तेही लेख पूर्ण झाल्यावर, शेवटच्या दोन पानांसाठी.

बाहेरच्या माणसाला हे काम समजत नाही. माझ्या बायकोला अजून समजलेलं नाही. संशोधक जे लिहितो, त्यातलं दुसऱ्याकडून घेतलेलं किती, कुणाकडून, कुठल्या पुस्तकातून, ते त्यानं शेवटी यादी करून सांगायचं असतं. लेखकाचं आडनाव, नावाची अक्षरं, वर्ष, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव. गोष्टी एवढ्याच, पण त्या कुठल्या क्रमानं, कुठे टिंब, कुठे स्वल्पविराम, कुठलं अक्षर तिरकं, हे प्रत्येक जर्नलचं वेगळं. एकाला वर्ष कंसात हवं, दुसऱ्याला शेवटी. एका जर्नलनं परत पाठवलेला लेख दुसरीकडे द्यायचा तर सगळी यादी मोडून पुन्हा लावायची. स्वल्पविराम चुकला म्हणून महिनाभर अडकून पडलेले लेख मी पाहिलेत.

नावांचा घोटाळा तर विचारू नका. नियम सांगतो, आडनाव आधी लिहा. माझं नाव शेख मुश्ताक शेख अमीन. यात आडनाव कुठलं? पुढचा शेख की मागचा? बायांचं आणखी अवघड. लग्नाआधीचे लेख एका नावानं, नंतरचे दुसऱ्या. यादीत एकच बाई दोन ठिकाणी बसलेली असते आणि स्वतःलाच ओळखत नाही. यावर तीस वर्षांत मला एकही समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. पण मी सांगणार आहे ती गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. अजून मला ती पूर्ण उलगडली आहे असं म्हणवत नाही.

मंगल तुपे मॅडम भूगोल शिकवतात. माहेर केदारखेड्याचं, वडील मेंढपाळ. त्या स्वतः लहानपणीच शिक्षणासाठी वसतिगृहात गेल्या, त्यामुळे मेंढरांमागे फारशा फिरलेल्या नाहीत. त्यांनी भोकरदन तालुक्यातल्या चराईच्या माळांवर लेख लिहिला होता. दिवाळीच्या सुट्टीत गावोगाव फिरून चाळीस मेंढपाळांशी बोलल्या होत्या. लेख एका चांगल्या जर्नलनं स्वीकारला होता. मार्चमध्ये त्यांची पदोन्नतीची मुलाखत होती आणि त्याआधी हा लेख छापून येणं गरजेचं होतं.

जानेवारीत त्या दुकानात आल्या. "मुश्ताकभाई, सगळं झालं. एकच राहिलंय. सतरा नंबर."

संपादकांचा मेल होता. संदर्भ क्रमांक सतराचा प्रकाशक सापडत नाही, पंधरा दिवसांत पुरावा द्यावा. मी यादी काढली. संदर्भ इंग्रजीत होता, वर्ष सोडून मराठीत सांगायचा तर असा: गाडकर, एन. बी., 'माळावरील गवतांची माहिती', केदार, खेडा. म्हणजे लेखक गाडकर, प्रकाशक केदार, गाव खेडा. मांडणी एकदम बराबर. टिंब न् टिंब जागेवर.

"पुस्तक पाहिलंय तुम्ही?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "एका पुस्तकाच्या यादीतून घेतलं. सगळेच घेतात."

हे खरं आहे. सगळेच घेतात. म्हणूनच माझं दुकान चालतं.

खेडा गुजरातमध्ये आहे एवढं मला माहीत होतं. तिथल्या एका पुस्तकाच्या दुकानाचा नंबर शोधून मी फोन लावला. दुकानदार सज्जन माणूस, चौकशी करतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला. "केदारभाई हैं एक, लेकिन उनका टायर का काम है."

मग मॅडमनी मोबाईलमधल्या एआयला विचारलं. त्यानं गाडकरांचं पूर्ण नाव सांगितलं, पुस्तकाची पानं सांगितली, वर दुसरी आवृत्तीही काढून दिली. आम्ही खूश. पुन्हा तेच विचारलं तर गाडकरांचं नाव बदललं. तिसऱ्यांदा त्या बाई झाल्या. यात आमचे दोन दिवस गेले. मला तर आबिदसाहेबांची आठवण यायला लागली.

शेवटी मी जुनी पद्धत धरली. मॅडमनी ज्या पुस्तकातून हा संदर्भ घेतला, ते पुस्तक आणवलं. त्यात या माहितीपुढे एका जुन्या लेखाचं नाव होतं. लेखक देशमाने सर, इथलेच, निवृत्त, जुन्या जालन्यात राहणारे. ते नाव माझ्या ओळखीचं. देशमाने सरांचे लेख वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडेच टाइप व्हायचे. पण ते मी मॅडमना सांगितलं नाही. उगाच कशाला, म्हटलं.

सरांचं वय आता ऐंशीच्या पुढे. मला त्यांनी ओळखलं नाही. "हे कोण?" त्यांनी मॅडमना विचारलं. "माझ्या मदतीला आलेत सर," मॅडम म्हणाल्या. सरांनी कपाटातून फाइल काढली. त्यांची एक सवय चांगली, हाताने लिहिलेला प्रत्येक कच्चा खर्डा त्यांनी जपून ठेवलेला. त्या खर्ड्याला टाचणी लावून एक झेरॉक्सचं पान होतं.

"हे कुणा एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातलं," सर म्हणाले. "मागे जोडलेला तक्ता. गवताचं वाक्य मी प्रबंधातून घेतलं आणि संदर्भ यातून."

तक्त्यात चार रकाने. नाव, वर्ष, विषय, गाव. वरचं शीर्षक झेरॉक्समध्ये अर्धं कापलं गेलं होतं. उरलेल्या अर्ध्यात एवढंच वाचता येत होतं: 'ज्यांच्याशी बोललो'.

मॅडम पानावर बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. गाडेकर एन. बी. माळावरील गवतांची माहिती. केदारखेडा.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "हे पुस्तक नाही. हे माझे वडील आहेत."

सरांना ऐकू कमी येतं. "काय?"

"माझे वडील, सर. नामदेव बाळा गाडेकर. तो विद्यार्थी त्यांच्याशी बोलला होता. ही लेखकांची यादी नाही, मेंढपाळांची आहे."

सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं. शीर्षक कापलेलं असल्यानं त्यांनी तो तक्ता पुस्तकांची यादी समजून उतरवला होता. मग त्यांनी आपला खर्डा जवळ घेतला. सरांच्या अक्षरात ओळीच्या शेवटी 'केदार' संपलं होतं आणि पुढच्या ओळीवर 'खेडा' आलं होतं. मध्ये स्वल्पविराम नव्हता. नावही नीट होतं, गाडेकर.

"मी तर एवढं चुकवलं नाही," सर म्हणाले. "हा केदार वेगळा आणि खेडा वेगळा कुणी केला? टायपिंगवाल्यानं केलं असेल. त्या लोकांना काय कळतंय."

मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण त्यांना काही माहीतच नव्हतं. माझ्या मनात एकच विचार आला, तो इथे लिहितो कारण लपवून उपयोग नाही: सरांना आठवत नाही, मॅडमना माहीत नाही, म्हणजे कुणालाच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या गाडीतून आम्ही केदारखेड्याला निघालो. वडिलांना विचारून घ्यावं, ते खरंच बोलले होते का. राजूरला चहाला थांबलो.

"मॅडम, तो टायपिंगवाला मी आहे."

"काय?"

"देशमाने सरांचा लेख मी टाइप केल्ता. प्रकाशक आणि गाव वाटलं, म्हणून मध्ये स्वल्पविराम दिला. गाडेकरचा गाडकर पण मीच केला असेल. तुम्हाला तुमचं माहेरचं आडनाव ओळखू आलं नाही ते माझ्यामुळे."

त्यांनी विचारलं, "काल सरांसमोर का नाही बोललात?"

"हिंमत झाली न्हाई."

"हं." त्यांनी कप खाली ठेवला. "स्वल्पविराम तुमचा, मुश्ताकभाई. पण न बघता उतरवलं कुणी? माझं माझ्याकडं राहू द्या."

चहाचे पैसे मी दिले.

नामदेवबाबा घरापुढे खाटेवर बसलेले. डोक्याला पटका, वय पंच्याहत्तरच्या आसपास. कळप आता मोठा नाही, दहा-बारा मेंढरं. मॅडमनी विचारलं, "बाबा, लई वर्सांपूर्वी कुनी तुमच्याकडं गवताचं विचाराया आल्तं का?"

"आल्ता की. लुनावर आल्ता. चष्मा व्हता त्याला. तीन दिस माझ्यासंग माळावर हिंडला. भाकर खाल्ली, पानी पेला, वहीत लिव्हत बसायचा. मंग गेला. पुन्हा काय आला न्हाई."

"त्यानं लिव्हलेलं छापून आलंय, बाबा. त्याच्यावरनं दुसऱ्यानं छापलं, त्याच्यावरनं तिसऱ्यानं. त्याच्यावरनं मी."

"काय लिव्हलंय?"

मॅडमनी आपल्या लेखातलं वाक्य सोप्या भाषेत सांगितलं. मेंढपाळ कुसळी गवत चारत नाहीत. म्हणून कुसळीचे माळ चराईला निरुपयोगी आहेत, ते दुसऱ्या कामाला देता येतील.

बाबा खाटेवरून उठलेच. "निरुपयोगी? कोन म्हनतं? मंग पावसाळ्यात आमी मेंढरं काय आभाळात चारली?"

"पण तुम्हीच सांगितलं असं लिव्हलंय, बाबा."

"म्या सांगितलं, कुसळ यायच्या आदी चारा. कवळी असती तवर मेंढरं लई आवडीनं खात्यात. एकदा का कुसळ धरलं का मंग बिलकुल न्हाई. लोकरीत घुसतं, कातड्यात जातं, तोंड फुटतं जनावराचं. 'आदी' खाल्लं का काय त्यानं भाकरीसंग?"

मॅडम उंबऱ्यावर बसल्या. "पण मी चाळीस जणांना विचारलं. सगळे नाहीच म्हणले."

"कवा इचारलं?"

"दिवाळीत."

"दिवाळीत तर कुसळ अंगाला टोचतं. तवा कोन व्हय म्हनंल? मला इचारायचं की."

का नाही विचारलं, ते मॅडमनी परतताना गाडीत मला सांगितलं. घरच्या माणसाला विचारलेलं संशोधनात धरत नाहीत, पक्षपात होतो म्हणतात. म्हणून चाळीस घरं फिरल्या, माहेरच्या घराला सोडून.

आता खरा पेच पुढे होता. सतरा नंबर काढून टाकायचा, अठराचा सतरा करायचा, पुढचे सगळे एकेकानं वर सरकवायचे. माझ्यासाठी अर्ध्या तासाचं काम. संपादकांना शंका आली होती ती फक्त त्या नंबराची. लेख मार्चआधी छापून आला असता. गवताबद्दलचं वाक्य तसंच राहिलं असतं, आणि चाळीस मेंढपाळ त्याला साक्षीला होतेच.

मी ते मॅडमना बोलूनही दाखवलं. सल्ला म्हणून नाही, पण बोललो खरं. त्यांनी दोन दिवस घेतले. या दोन दिवसांत मला माझंच कळेना की मला काय हवंय. त्यांची पदोन्नती व्हावी असं वाटत होतं. माझा स्वल्पविराम गुपचूप पुसला जावा, असंही वाटत होतं. या दोन गोष्टी इतक्या बेमालूम मिसळल्या होत्या की कुठली कुठली, ते मला आजही सांगता यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि मेल टाइप करायला सांगितला. सतरा नंबर हे पुस्तक नाही, माणूस आहे, आणि तो माझा बाप आहे. त्याचं म्हणणं उलटं छापलं गेलंय. माझा निष्कर्ष चुकीच्या ऋतूत विचारल्यामुळे चुकलाय. पावसाळ्यात पुन्हा जाऊन तपासते, तोवर लेख थांबवावा. मी टाइप केलं. 'बाप' शब्दाला इंग्रजीत काय लिहावं यावर अडलो, तर त्या म्हणाल्या, "फादर लिहा की. त्यात काय अडलं?"

संपादकांचं उत्तर चांगलं आलं, पण लेख पुन्हा परीक्षकांकडे गेला. मार्चची मुलाखत गेली. मॅडमच्या जागी दुसऱ्या एकाची पदोन्नती झाली. त्यांच्या कॉलेजात कुणी कुणी म्हणाले, बापाला संदर्भात घालायला गेली आणि फसली. मला हे कळल्यावर मी आठ दिवस त्यांना फोन केला नाही.

पावसाळ्यात मॅडम वडिलांबरोबर माळावर गेल्या. एकदा नाही, आठ-दहा वेळा. कुसळी कवळी असताना मेंढरं चरताना त्यांनी फोटो काढले, गावोगावच्या मेंढपाळांना त्या दिवसांत पुन्हा विचारलं. तेच चाळीस जण आता वेगळंच बोलले. एकजण तर म्हणाला म्हणे, "मॅडम, तुमी तवा इचारलं कुसळी चारता का. ह्या वक्ताला चारता का, असं न्हाई इचारलं."

लेख पुढच्या वर्षी छापून आला. यादी मीच लावली. आता सतरा नंबरावर दुसरंच काही आहे. नियमाप्रमाणे तोंडी सांगितलेली माहिती यादीत बसत नाही, ती फक्त लेखाच्या मजकुरात येते. म्हणून नामदेवबाबांचं नाव मजकुरात आलं, पूर्ण, गावासकट, 'केदारखेडा' एका शब्दात. संपादकांनी वडील-मुलीचं नातंही तळटिपेत लिहायला लावलं. ते वाक्य मी चार वेळा तपासलं. आयुष्यात कुठलं वाक्य मी इतक्या वेळा तपासलं नसेल.

अंक घेऊन मॅडम केदारखेड्याला गेल्या तेव्हा मलाही नेलं. त्यांनी बाबांना ते वाक्य वाचून दाखवलं. बाबांनी मान डोलवली, आणि विचारलं, "आनि त्ये जुनं? त्येच्यात बी आता बराबर झालं आसंल?"

जुनं तसंच होतं. ते पुस्तक अजून ग्रंथालयात आहे, देशमाने सरांचा लेख अजून आहे, आणि लोक त्यातून गाडकर, केदार, खेडा उतरवून घेतातच आहेत. मला वाटलं, निदान एवढं तरी आपण करावं. देशमाने सरांचा लेख जिथे छापला होता, त्या नियतकालिकाला मी स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. सगळं मान्य केलं. चूक माझी, लेखकाची नाही, असं ठळक लिहिलं. आधी सरांच्या घरी जाऊन त्यांनाही सांगितलं. सरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "अच्छा, ते तुम्ही," म्हणाले. मग चहा दिला.

दोन महिन्यांनी नियतकालिकाचं उत्तर आलं, दोन ओळींचं. आपण निर्देश केलेला संदर्भ तपासला. तो आमच्या शैलीनुसार बिनचूक आहे, दुरुस्तीची आवश्यकता नाही.

मी ते तीनदा वाचलं. हसावं की काय करावं, कळेना. उभ्या आयुष्यात माझ्या कामाचं एवढं चोख प्रमाणपत्र मला कुणी दिलं नव्हतं. मी नामदेवबाबांना फोन लावला आणि सांगितलं की बाबा, जमलं न्हाई, ते दुरुस्त करत न्हाईत.

"नाव ऱ्हाऊ द्या हो," बाबा म्हणाले. "नावाचं काय. गवताचं तरी बराबर करून राह्यले का न्हाई? कुसळीचं काय म्हनले?"

"बघून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. माझ्या पत्राची प्रत काढून पाहिली. दीड पान पत्र होतं. गाडेकर आणि गाडकर होतं, केदार आणि खेडा होतं, स्वल्पविराम सहा वेळा आला होता. कुसळीबद्दल एक अक्षर नव्हतं.